पंप चालू, तरी धाप चालू: थेंबाच्या आकारापासून दुरुस्ती

दम्याचा सकाळ-संध्याकाळचा पंप एकदाही चुकलेला नाही, तरी पहाटे छाती आवळते, जिना चढताना सूं-सूं वाजतं आणि लगेच आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप आठवड्यात चार-पाचदा काढावा लागतो. काही आठवडे बरे जातात, मग पुन्हा तेच. अशा वेळी घरात बहुधा दोन निदानं होतात: औषध लागू पडत नाही, किंवा डोस कमी आहे. डोस वाढवून आणण्याआधी तिसरी शक्यता तपासा. औषध पंपातून बाहेर पडतं, पण घशात, स्पेसरच्या (पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याच्या) भिंतीवर नाहीतर भुकटीच्या कॅप्सूलच्या तळाशी अडकतं. ते कुठे अडकणार हे थेंबाचा किंवा भुकटीच्या कणाचा आकार आणि तुमच्या श्वासाचा वेग, या दोघांवर ठरतं.

त्याआधी एक गोष्ट. सलग वाक्य बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, श्वास घेताना फासळ्यांमधली जागा आत ओढली जात असेल, किंवा बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९२ च्या खाली असेल, तर ही वेळ पंप तपासायची नाही. स्पेसर लावून साल्ब्युटामॉलचे ४ ते १० फवारे, एका वेळी एक, द्या आणि १०८ ला फोन करा किंवा मेडिकल, मेयो, नागपुरातलं जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठा. वाटेत उशीर होत असेल तर २० मिनिटांनी पुन्हा तेवढेच फवारे देता येतात.

मायक्रॉनचा हिशोब

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. दम्याच्या औषधाचा कामाचा थेंब १ ते ५ मायक्रॉनचा. यापेक्षा मोठा थेंब वेगात असेल तर त्याला घशातलं वळण घेता येत नाही; तोंडातून आलेली हवा जिथे जवळजवळ काटकोनात खाली वळते, तिथे तो मागच्या भिंतीवर आदळतो आणि गिळला जातो. अर्ध्या मायक्रॉनहून लहान कण हवेत तरंगत राहतात, आणि त्यातले बरेच आत गेले तसेच उच्छ्वासाबरोबर बाहेर येतात. कोराडी-खापरखेडाच्या औष्णिक वीज केंद्रांच्या भागात राहणाऱ्यांनी हे रोज पाहिलेलं आहे: जाड राख ओट्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, बारीक राख दिसत नाही, पण छातीपर्यंत तीच पोचते. औषधाच्या बाबतीत आपल्याला नेमका तो बारीक भाग हवा असतो.

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. थेंबातलं औषध त्याच्या व्यासाच्या घनावर अवलंबून असतं. १० मायक्रॉनच्या एका थेंबात १ मायक्रॉनच्या १,००० थेंबांइतकं औषध असतं. त्यामुळे फवाऱ्यात थोडेसे जाड थेंब वाढले, तरी डोसचा मोठा वाटा तेच घेऊन जातात आणि घशात टाकतात. फवारा डोळ्यांना ठीकच दिसतो, डबीवरचा आकडाही बरोबर कमी होतो, पण छातीत फारसं काही पोचत नाही.

श्वास रोखायला का सांगतात, तेही आकारातच दडलेलं आहे. फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत हवेचा वेग जवळजवळ थांबतो, आणि तिथे कण आपल्या वजनाने खाली बसतात. ३ मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण पाव मिलिमीटर खाली येतो. १० सेकंदांत अडीच मिलिमीटरच्या आसपास. टोकाकडच्या नळ्यांची रुंदी मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी असते, म्हणजे तेवढ्या वेळात तो भिंतीला चिकटतोच. १ मायक्रॉनचा कण मात्र १० सेकंदांत जेमतेम पाव मिलिमीटरहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर उतरतो. फवारा घेऊन लगेच “हा” करून श्वास सोडला, तर आत पोचलेलं बारीक औषधही परत जातं.

मग जितका थेंब बारीक तितका चांगला का? तसंही नाही. २००५ साली लंडनमधल्या एका प्रयोगात दम्याच्या रुग्णांना साल्ब्युटामॉलचे अगदी एकाच मापाचे कण देऊन पाहिले: १.५, ३ आणि ६ मायक्रॉन. फुप्फुसात सर्वात जास्त औषध १.५ मायक्रॉनच्या कणांनी पोचवलं, पण नळ्या जास्त उघडल्या त्या मोठ्या कणांनी. नळ्या आवळणारे स्नायू मधल्या, जाडसर नळ्यांभोवती जास्त असतात, आणि त्यांना सैल करणारं औषध तिथेच पडायला हवं. सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडचं काम वेगळं. दम्याची सूज २ मिलिमीटरहून अरुंद नळ्यांतही असते, त्यामुळे स्टेरॉइडचे बारीक थेंब खालपर्यंत जाणं फायद्याचं. त्याच प्रयोगात आणखी एक दिसलं: श्वास जोरात ओढला की मोठे कण घशातच आदळू लागतात. पंपाच्या बाबतीत तुमच्या हातात असलेली सर्वात मोठी गोष्ट हीच आहे.

दोन साधनं, दोन उलटे श्वास

वारंवार परतणाऱ्या तक्रारीचं सर्वात मोठं कारण इथे सापडतं, म्हणून यावर घाई करू नका. तुमच्या हातात काय आहे ते आधी ओळखा.

दाबून फवारा मारायचा पंप असेल, तर औषध दाबाखालच्या वायूबरोबर स्वतःच जोरात बाहेर येतं. त्याला वेग पुरेसा असतो, तुम्ही आणखी वेग दिला की ते घशात आदळतं. म्हणून श्वास सावकाश आणि लांब: मोठ्या माणसाने ४ ते ५ सेकंद लागतील इतका.

कॅप्सूल फिरवून किंवा टोचून भुकटी ओढायचं साधन, म्हणजे रोटाहेलर किंवा तशा प्रकारचं, असेल तर त्यात दाब नसतो. औषधाचे १ ते ५ मायक्रॉनचे कण लॅक्टोज साखरेच्या बऱ्याच मोठ्या दाण्यांना चिकटलेले असतात. तुमच्या श्वासाच्या जोरानेच ते सुटतात. हळू ओढलं तर दाण्यासकट औषध घशात पडतं, तोंड गोड लागतं आणि छातीत काही जात नाही. म्हणून श्वास पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल. आधी हळू आणि मग जोर, असं केलं तर कॅप्सूल तोवर रिकामी होत आलेली असते आणि कण न सुटताच निघून गेलेले असतात.

एकाच घरात दोन्ही साधनं असतात, बऱ्याचदा एकाच माणसाकडे. सकाळी कॅप्सूल, गरजेला पंप. शिकवताना एकच सांगितलं जातं, “खोल श्वास घ्या,” आणि दोन्हींना सारखाच श्वास लावला जातो. साधनं दोन असतील तर डॉक्टरांना विचारा की दोन्ही औषधं एकाच प्रकारात मिळतील का. बरेचदा मिळतात, आणि निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

दाबायच्या पंपाची तपासणी

प्रथम आरशासमोर उभं राहून एक फवारा घ्या. नाकातून, ओठांच्या कडेतून किंवा पंपाच्या वरच्या बाजूने पांढरं धुकं निघालं, तर ते औषध बाहेरच गेलं. फवारा आधी आणि श्वास नंतर, असं होतंय. योग्य क्रम असा: हळूच पूर्ण श्वास सोडा, ओठ घट्ट मिटा, श्वास आत घ्यायला सुरुवात करा, आणि सुरुवात झाल्यावर लगेच दाबा, ओढत राहा, मग १० सेकंद रोखा. काहींना थंड फवारा घशाला लागताच श्वास अडतो. तसं होत असेल तर हाताच्या वेळेचा सराव करत बसू नका, सरळ स्पेसर लावा. स्पेसरशिवाय, चांगल्या हातानेही साधारण १० ते २० टक्केच औषध फुप्फुसात जातं. बाकीचं तोंडात आणि घशात.

त्यानंतर पंप हलवून पाहा. बहुतेक पंपांत औषध वायूत विरघळलेलं नसतं, बारीक कणांच्या रूपात मिसळलेलं असतं. ठेवून दिलं की ते वर तरंगतं किंवा तळाशी बसतं. नीट ४-५ वेळा हलवून लगेच दाबा. हलवून, झाकण काढून, श्वास सोडून, मग पाणी पिऊन फवारा मारला तर डोस कधी दुप्पट, कधी अर्धा येतो. दोन फवारे घ्यायचे असतील तर मध्ये ३० सेकंद ते एक मिनिट थांबा आणि पुन्हा हलवा. फवारा सुटताना झडप थंड होते आणि तिची छोटी कुपी नीट भरायला वेळ लागतो. पाठोपाठ दोनदा दाबलं की दुसरा फवारा पहिल्यासारखा नसतो. पंप धरताना डबी वर, तोंडाचा भाग खाली. आडवा किंवा उलटा धरला तर कुपी अर्धवट भरते. अंथरुणात झोपून पंप घेणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते.

आता प्लास्टिकची खोळ पाहा. धातूची डबी काढा आणि खोळीत आत डोकवा. तळाशी एक सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसेल, अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद. त्याभोवती पांढरा थर जमला असेल, तर थेंब बिघडण्याचं कारण तुमच्या समोर आहे. अर्धवट बुजलेल्या छिद्रातून थेंब जाड आणि तिरपे निघतात. साल्ब्युटामॉलच्या पंपात हे विशेष होतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, खोळ कोमट वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी अर्धा मिनिट धरा, झटका आणि रात्रभर वाळू द्या. डबी मात्र पाण्यात घालू नका. छिद्रात टाचणी, उदबत्तीची काडी घालू नका. छिद्र रुंद झालं की फवारा कायमचा बिघडतो आणि तो धुऊन परत येत नाही. खोळ ओली असताना धाप लागलीच, तर पाणी झटका, दोन फवारे हवेत मारा आणि मग वापरा.

नवा पंप किंवा बरेच दिवस पडून राहिलेला पंप असेल, तर पहिले फवारे हवेत सोडा. किती, ते आतल्या कागदावर असतं. साधारण २ ते ४. साल्ब्युटामॉलचा पंप महिनोन्महिने न लागता पडून असतो आणि नेमका गरजेच्या वेळी पहिला फवारा नुसता वायूचा निघतो.

पंप संपला की नाही, हे पाण्यात तरंगवून पाहण्याची पद्धत सोडून द्या. तिचा भरवसा नाही, आणि झडपेत पाणी शिरलं तर पंप बिघडतो. २०० डोसच्या डबीत २०० नंतरही वायू उरतो, फुस्स आवाजही येतो, पण त्यात औषध किती आहे याची खात्री नसते. आकडा दाखवणारी खिडकी नसेल तर डबीवर सुरुवातीची तारीख लिहा. रोज ४ फवारे असतील तर १२० डोसचा पंप बरोबर ३० दिवस पुरतो. तो दीड महिना पुरत असेल, तर एक तर डोस चुकतायत किंवा शेवटचे पंधरा दिवस तुम्ही वायूच ओढताय.

नागपूरचं ऊन, नागपूरची थंडी

पंपातला वायू हा दाबाखाली द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. सध्या सर्रास वापरात असलेल्या एचएफए-१३४ए वायूचा दाब १० अंशांना वातावरणाच्या साधारण ४ पट, २० अंशांना जेमतेम ६ पट आणि ४० अंशांना १० पट असतो. फवाऱ्याचे थेंब किती बारीक फुटतात, हे याच दाबावर अवलंबून आहे.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, आणि दम्याचा त्रासही तेव्हाच जास्त. गॅलरीच्या खिडकीत किंवा गाडीत रात्रभर राहिलेला पंप तेव्हा कमी दाबाने, जाड थेंबांनी सुटतो. वापरण्याआधी डबी दोन-तीन मिनिटं मुठीत धरून गरम करा. शेगडीवर, गरम पाण्यात, हीटरसमोर धरू नका.

उन्हाळ्यात उलट धोका. बहुतेक पंपांवर ३० अंशांच्या खाली ठेवा आणि ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, असं छापलेलं असतं. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना उन्हात उभ्या स्कूटीच्या डिक्कीत आणि बंद कारच्या डॅशबोर्डवर ५० सहज ओलांडले जातात. बर्डीच्या बाजारात खरेदीला गेलात आणि पंप डिक्कीत राहिला, तर डबी फुगू किंवा फुटू शकते, झडपेचं रबर खराब होऊन वायू हळूहळू गळू शकतो. पंप पर्समध्ये, खिशात, अंगाबरोबर सावलीत ठेवा. घरात आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा ही चांगली जागा. फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह होतो. पण थंड डबी म्हणजे कमी दाब आणि जाड थेंब, आणि बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी सुटतं. लेबलवरच २ ते ८ अंश लिहिलं असेल, तर अर्थात तेच पाळा.

जुन्या रुग्णांची एक तक्रार असते की आताच्या पंपाला पूर्वीसारखा जोर नाही. ओझोन वाचवण्यासाठी १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर सीएफसी वायूचे पंप टप्प्याटप्प्याने गेले आणि एचएफएचे आले. या नव्या पंपांचा फवारा बऱ्याचदा मऊ असतो आणि घशाला कमी थंड लागतो. घशावर कमी आदळतो, हे चांगलंच आहे. त्यावरून औषध कमी आहे असं समजू नका.

कॅप्सूल आणि कूलर

बाहेर पापड-कुरड्या तासाभरात कडकडीत वाळतील अशी हवा, आणि खोलीत कूलरची ओल. भुकटीच्या कॅप्सूलसाठी आपला उन्हाळा यामुळेच अवघड जातो. लॅक्टोज आणि औषधाचे कण ओल धरतात, एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि श्वासाने सुटत नाहीत. २ मायक्रॉनचे दहा-वीस कण चिकटून गोळा झाला की तो मोठ्या कणासारखाच वागतो आणि घशात जातो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खोलीखोलीत तीच ओल.

बाटलीतल्या कॅप्सूल आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत काढून ठेवू नका. घ्यायच्या क्षणी एकच काढा, झाकण लगेच घट्ट लावा, आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका. बाटली कूलरच्या झोतासमोर, माठाजवळ, मोरीच्या फळीवर नको. हात कोरडे हवेत. आणि साधनात कधीही श्वास सोडू नका. तोंडातली वाफ नेमकी भुकटीवर बसते. श्वास सोडताना तोंड बाजूला घ्या.

रोटाहेलरमध्ये कॅप्सूल पारदर्शक बाजू आत करून बसवायची, वरच्या कडेशी सपाट होईपर्यंत. मग खालचा भाग फिरवला की ती दोन तुकड्यांत सुटते. साधन आडवं धरून जोरात ओढा, १० सेकंद रोखा, मग उघडून तुकडे पाहा. भुकटी उरली असेल तर पुन्हा ओढा. दोनदा ओढूनही तळाशी गोळे दिसत असतील, तर कॅप्सूल ओल धरलेली आहे. नवी बाटली काढा. साधनाच्या जाळीवर भुकटी थापली गेली असेल तर ते धुवा, पण दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका. आणि कॅप्सूल गिळायची नसते. हे सांगावं लागतं, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तसं होतं. त्यांच्या हातात ती गोळीसारखीच दिसते.

पाच-सहा वर्षांखालची मुलं आणि फार अशक्त वृद्ध यांना कॅप्सूलसाठी लागणारा जोर जमत नाही. जोराच्या झटक्यात इतरांनाही जमेलच असं नाही. म्हणून रोजची औषधं कॅप्सूलमध्ये असली, तरी घरात एक साल्ब्युटामॉलचा दाबायचा पंप आणि स्पेसर हवाच.

स्पेसर

स्पेसर फवाऱ्याला थांबायला जागा देतो. त्या अर्ध्या हातात थेंबांचा वेग उतरतो, वायू उडून जातो, थेंब आकसतात, आणि जाड थेंब भिंतीवरच चिकटतात. नाहीतर ते घशात चिकटले असते. पण तीन गोष्टींनी तो फायदा जातो.

पहिली, एकाच वेळी दोन-तीन फवारे आत मारणं. दाटीत थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात. एक फवारा, एक सावकाश श्वास. मुलांना ५-६ साधे श्वास. मग पुढचा. दुसरी, फवारा मारून थांबणं. सेकंदा-सेकंदाला औषध भिंतीवर बसतं, तेव्हा दोन सेकंदांच्या आत श्वास सुरू हवा. तिसरी, स्थिर वीज. नवा किंवा फडक्याने पुसलेला प्लास्टिकचा स्पेसर बारीक थेंब स्वतःकडे ओढून घेतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात हे फार होतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब घाला, भाग सुटे करून बुडवा, तोंडाचा भाग तेवढा साध्या पाण्याने विसळा, आतून विसळू नका आणि पुसूही नका. निथळत ठेवून हवेवर वाळवा. राहिलेला पातळ थर वीज साचू देत नाही. महिन्यातून एकदा पुरे. झडप कडक झाली, वाकली, श्वासाबरोबर हलत नसेल तर स्पेसर बदला.

स्पेसर शिटी वाजवत असेल, तर श्वास फार जोरात आहे. सगळ्या स्पेसरना ही सोय नसते, पण असेल तर ती मुलांना शिकवायला फार उपयोगी आहे.

गावाकडे, रात्री-अपरात्री स्पेसर हाताशी नसेल तर ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, फट राहणार नाही असं चिकटवून काम निभावता येतं. १९९९ साली केप टाउनला मुलांवर झालेल्या अभ्यासात हवाबंद बसवलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. त्याच अभ्यासात कपाला भोक पाडून केलेला जुगाड मात्र फसला.

नेब्युलायझर, म्हणजे “वाफ” नव्हे

आपल्याकडे नेब्युलायझरला सर्रास वाफ म्हणतात, आणि त्यातून एक घातक गैरसमज होतो की पातेल्याचा वाफाराही तेच काम करतो. नेब्युलायझरमधून वाफ निघत नाही. हवेच्या झोताने फोडलेले औषधाचे थंड थेंब निघतात. वाफाऱ्यात औषध नसतं, त्याचे थेंब नाकाघशातच विरतात, आणि गरम पातेलं कलंडून मुलं भाजतात.

मशीनच्या थेंबांचा आकार हवेच्या प्रवाहावर ठरतो. मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा लागते. प्रवाह घटला की थेंब जाड होतात आणि वेळही वाढतो. प्रवाह का घटतो? बहुतेक वेळा मशीनच्या कडेला असलेला छोटा गोल फिल्टर धुळीने काळा झालेला असतो. तो दर महिन्याला काढून पाहा. राखाडी झाला की बदला. नळी दुमडलेली, सैल किंवा आत पाणी साचलेली असू शकते. औषधाच्या कपातलं बारीक छिद्र मिठाने बुजलेलं असू शकतं. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटरचा आवाजच बदलतो. एक साधी खूण ठेवा: मशीन आणि कप नवीन असताना ठराविक मापाचं औषध संपायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. साधारण ५ ते १० मिनिटं लागतात. त्याच मापाला दीडपट वेळ लागू लागला, की आधी फिल्टर, मग कप.

औषधाचं मापही पाहा. कपाच्या तळाशी एक मिलिलिटरच्या आसपास औषध शेवटी उरतंच, ते फुटत नाही. २ मिलिलिटरची रेस्प्यूल (औषधाची छोटी प्लास्टिकची ट्यूब) तशीच ओतली तर ढोबळमानाने अर्धं औषध वाया. तीच सलाईन घालून ४ मिलिलिटर केली तर पावभाग. म्हणून एकूण ३ ते ४ मिलिलिटर करा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. घालायचं ते ०.९ टक्क्याचं निर्जंतुक सलाईनच. नळाचं पाणी जंतूंमुळे नको. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीही नको, कारण क्षार नसलेल्या पाण्याच्या थेंबांनी नळ्या उलट आवळतात. ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडची रेस्प्यूल ओतण्याआधी हलक्या हाताने हलवा, कण तळाशी बसलेले असतात. आणि अल्ट्रासोनिक प्रकारच्या मशीनमध्ये ब्युडेसोनाइड घालू नका. तिथे पाणी फुटतं, औषधाचे कण बरेचसे मागे राहतात.

मास्क चेहऱ्याला टेकलेला हवा. मूल रडतंय म्हणून मास्क दोन बोटं लांब धरला तर औषध खोलीत जातं. पण रडणाऱ्या मुलाला जबरदस्तीने मास्क लावूनही उपयोग कमी. रडताना श्वास झटक्याने आत जातो आणि थेंब घशातच बसतात. मांडीवर बसवा, आधी मशीनचा आवाज ऐकू द्या, मास्क त्याच्या हातात द्या. नाहीच जमलं तर पंप, स्पेसर आणि मास्क. सौम्य-मध्यम झटक्यात त्याचा परिणाम मशीनच्या बरोबरीचा असतो, वीज लागत नाही आणि दोन मिनिटांत काम होतं. मशीनला मोठं औषध आणि पंपाला छोटं औषध समजणं बरोबर नाही.

घसा काय सांगतो

आवाज बसणं, जिभेवर-टाळूवर पांढरे डाग, घसा खवखवणं: स्टेरॉइड घशात पडतंय याचा हा पुरावा आहे. बहुतेकजण यावर पंपच बंद करतात. तसं करू नका. स्पेसर लावा, श्वासाचा वेग सुधारा, प्रत्येक डोसनंतर गुळण्या करून पाणी थुंका. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. घशात कमी पडायला लागलं की बहुधा छातीत जास्त पोचायला लागलेलं असतं.

मायक्रोग्रॅम सारखे, औषध सारखं नाही

दुकानात नेहमीचा पंप नसला की “हेच आहे, कंपनी वेगळी” म्हणून दुसरा दिला जातो. पंपाच्या बाबतीत नाव आणि मायक्रोग्रॅम जुळले तरी थेंबाचा आकार जुळेलच असं नाही. सर्वात स्पष्ट उदाहरण बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचं. ते द्रावणाच्या रूपात असलं की थेंब १ मायक्रॉनच्या जवळ येतात, आणि अशा अतिसूक्ष्म पंपाचे १०० मायक्रोग्रॅम साध्या पंपाच्या २०० ते २५० च्या तोडीचे धरले जातात. उलट दिशेने बदल झाला तर तुमचा डोस कोणालाही न कळता अर्धा झाला. त्रास परत सुरू झाला तो पंप बदलल्यापासून का, हे आठवा आणि दोन्ही खोकी जपून ठेवा.

दुरुस्तीने फरक पडला का, ते कसं ओळखायचं

पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा वेग मोजणारं छोटं उपकरण, घ्या. सकाळी आणि संध्याकाळी, औषधाआधी, उभं राहून तीनदा फुंका आणि मोठा आकडा लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला: या आठवड्यात श्वासाचा वेग, पुढच्या आठवड्यात स्पेसर. सगळं एकदम बदललं तर काय चुकत होतं ते कळणार नाही. त्रास होत असताना साल्ब्युटामॉलआधीचा आकडा आणि १५-२० मिनिटांनंतरचा आकडा, हेही नोंदवा. पूर्वी फवाऱ्याने आकडा हलत नव्हता आणि आता चांगला वर जातो, तर औषध पोचू लागलं.

साल्ब्युटामॉलच्या २०० डोसच्या तीन डब्या वर्षभरात संपत असतील, तर तंत्र कितीही चांगलं असो, उपचार बदलण्याची गरज आहे. नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा काढणं धोक्याचं असतं; सूज कमी करणारं औषध बरोबर हवंच. तंत्र, छिद्र, ओल, तापमान, सगळं तपासूनही पहाटेची धाप सुटत नसेल, तर कारण फवाऱ्याच्या बाहेर शोधा: कूलरच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या टट्ट्यांतली बुरशी, नाकाची ॲलर्जी, रात्रीची ॲसिडिटी, घरातला धूर, किंवा निदानच वेगळं.

ओपीडीत जाताना नुसती चिठ्ठी नेऊ नका. एका पिशवीत सगळे पंप, रिकामी झालेली डबी, स्पेसर, कॅप्सूलची बाटली, नेब्युलायझरचा कप आणि आकड्यांची वही घ्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांच्यासमोर एक डोस घेऊन दाखवा.